हाताने काढलेला नकाशा ऑनलाइन खेळात टाकायचाय, फोटो फारच घाण येतोय (आणि चहाचा डाग)

कागदी_घोडे
मंडळी, गेले सात-आठ महिने आम्ही दर रविवारी संध्याकाळी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कल्पनेतल्या जगात गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळतो, डीएम, म्हणजे ते जग रचून खेळ चालवणारा, मीच. चार जण पुण्यात माझ्या घरी जमतात आणि मावसबहीण जर्मनीतून लॅपटॉपवर असते. आत्तापर्यंत नेटवरचे फुकट नकाशे वापरले, पण यावेळी हौस आली म्हणून शाळेतल्यासारखा हिरव्या रेघांचा ग्राफ पेपर आणला आणि तीन रात्री बसून खेळातल्या काळदरीचा अख्खा मुलूख काढला, उलट्या बाजूला किल्ल्याचं तळघर, एक सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे पाच फूट. कागदावर मस्त दिसतंय हो, पण मोबाइलने फोटो काढला की सगळं करडं, एका बाजूला माझ्याच डोक्याची सावली, मिलिमीटरच्या बारीक रेघा जाळीसारख्या मधे मधे येतात आणि बहिणीच्या स्क्रीनवर तळघर टाकलं तर अॅपची ग्रिड आणि माझी ग्रिड डावीकडे जुळते, उजवीकडे जाईपर्यंत अर्धा चौकोन सरकते. त्यात ईशान्य कोपऱ्यात चहाचा कप ठेवला गेला, गोल डाग पडलाय. परत काढायची ताकद नाहीये. मुलुखाचा फोटो खाली टाकलाय, बघा आणि शिव्या घाला.

टाकबोरू
शिव्या कशाला, हात छान आहे तुमचा, डोंगरांची शेडिंग तर एकदम झकास. फोटोचा नाद सोडा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) रंगीत स्कॅन करून आणा, काळा-पांढरा नको. रंगीत का तर हिरव्या रेघा घालवायला तो रंगच कामाला येतो: गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगळे करायचे आणि फक्त हिरवा ठेवायचा. हिरव्या चॅनलमध्ये हिरवी रेघ जवळपास पांढरी दिसते, काळी शाई काळीच राहते. मग लेव्हल्समध्ये (चित्राचा उजेड-अंधार बदलायची सोय) उजवीकडचा पांढरा काटा थोडा आत ओढला की कागदाचा करडेपणा पण जातो.

ग्रिड सरकते त्याचं कारण साधं आहे, मोबाइल जरा तिरका धरला की लांबची बाजू आखडते. स्कॅन केलात तरी थोडं राहतंच, कारण 300 डीपीआयला एक सेंटिमीटर म्हणजे 118 पॉइंट काहीतरी पिक्सेल, पूर्णांक येत नाही. म्हणून ग्रिडच्या बाहेरच्या रेघेवर बरोब्बर क्रॉप करा, चौकोन मोजा, 24 बाय 18 असतील तर चित्र 1680 बाय 1260 करा, म्हणजे एक चौकोन 70 पिक्सेल. रोल20 या ऑनलाइन खेळायच्या साइटला 70 लागतात, फाउंड्री या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असाल तर 100 धरा. आणि रेघा घालवल्यावर अॅपचीच ग्रिड वर येऊ दे, दोन दोन ग्रिड कशाला.

चहाच्या डागाचं मात्र अवघड आहे. तपकिरी रंग लाल चॅनलमध्ये फिका पडतो, पण तिथे तुमच्या हिरव्या रेघा गडद होऊन बसतात. म्हणजे रेघा घालवा नाहीतर डाग घालवा. केशरी रेघांचा ग्राफ पेपर असता तर दोन्ही एका झटक्यात गेलं असतं.

सह्याद्रीची_सून
नकाशा आवडला पण तुमच्या त्या मोठ्या नदीने मला झोप येऊ देणार नाही!! एकच नदी डोंगरातून निघते, मधेच दोन तुकडे होतात आणि एक पूर्वेच्या समुद्राला, एक पश्चिमेच्या. अहो नद्या अशा फुटत नाहीत, नद्या मिळतात. समुद्रापाशी त्रिभुज प्रदेशात फाटे फुटतात ते वेगळं, पण भर डोंगरात नाही. सोपा उपाय सांगते, महाबळेश्वर आठवा. तिथे कृष्णा आणि सावित्री यांचे उगम जवळजवळ, पण कृष्णा पूर्वेला वळून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते आणि सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्रात. मधे घाटमाथ्याची धार आहे म्हणून. तुम्हीपण जिथे नदी फुटते तिथे धार काढा आणि दोन वेगळ्या नद्या करा, पांढऱ्या शाईचा एक फटकारा पुरे. पाऊस एकाच बाजूने येत असेल तर त्या बाजूला जंगल, पलीकडे माळरान. आणि धारेवर एखादी खिंड ठेवलीत तर तिथे जकात घेणारा कोणीतरी बसणारच की, गोष्ट तयार.

कागदी_घोडे
ताई नदीचं डोक्यातच आलं नव्हतं, भूगोलाच्या बाई भेटल्यासारखं वाटलं :) धार काढतो. स्कॅनचं उद्या करतो. बाय द वे नकाशाला जुन्या कागदासारखं करायला चहात बुडवू का? डाग पण झाकला जाईल.

वीस_बाजूंचा_फासा
थांबा थांबा ओरिजिनल बुडवू नका!! मी केलंय हे. जेल पेनने दोन आठवडे काढलेला नकाशा ताटात चहा ओतून त्यात ठेवला आणि डोळ्यांदेखत सगळ्या राज्यात पूर आला, गावांची नावं निळी होऊन वाहून गेली, बायको म्हणाली आता आलं घाल. जेल पेन आणि इंकजेटचा प्रिंट पाण्यात पसरतो, झेरॉक्सची पावडर पसरत नाही. म्हणून आधी झेरॉक्स, मग ती झेरॉक्स कोऱ्या चहात पाच-दहा मिनिटं, सपाट वाळवायची, कडा जाळायच्या तर लायटरने नाही, उदबत्तीने, हळूहळू टेकवत. पुढच्या वेळी वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचं पेन घ्या, भिंतींना 0.45 आणि बारीक रेघोट्यांना 0.20 मिमी.

पण खरं बोलू का, मला तुमच्या नकाशात वेगळंच खटकतंय. सगळं भरलंय. प्रत्येक गावाला नाव, प्रत्येक जंगलात कोण राहतं त्याचं चित्र, चोरवाट सुद्धा ठिपक्यांनी दाखवलीय! खेळणाऱ्यांनी शोधायचं काय मग? 1974 च्या पहिल्या डी अँड डीत डीएमला सांगितलं होतं की तळघराचे निदान सहा मजले आधी कागदावर काढून ठेव, पण ते कागद त्याच्याकडेच राहायचे. डीएम तोंडाने सांगायचा, तीस फूट उत्तरेला, मग डावीकडे दार, आणि खेळणाऱ्यांतला एक जण आपला स्वतःचा नकाशा काढत बसायचा, चुकायचा पण. निम्मी मजा त्या चुकण्यात. तेव्हा दोन प्रती करा. तुमच्या प्रतीत सगळं, त्यांच्या प्रतीत फक्त जे एखाद्या वाटसरूला माहीत असेल तेवढं.

रायगडाचा महादरवाजा बघितलाय ना? चढून येताना आधी नुसते दोन बुरूज दिसतात, दार त्यांच्या आड, अगदी जवळ जाऊन वळलं की मगच समोर येतं. तळघराच्या नकाशात हेच करा, बहिणीच्या स्क्रीनवर दोन बुरूज दिसू देत, दार नको.

(आणि फाइलचं नाव बदलायला विसरू नका, मी एकदा "सरपंच_खरातर_पिशाच्च_फायनल2" नावाची फाइल ग्रुपवर टाकली होती.)

टाकबोरू
फाइलच्या नावाला हजार लाइक. एक राहिलं, बाहेर शेअर करणार असाल तर कोपऱ्यात सही, स्केल आणि लायसन्स चित्रावरच लिहा, खाली पोस्टमध्ये लिहिलेलं कोणी वाचत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार लायसन्सांपैकी सीसी बाय म्हणजे तुमचं नाव देऊन कोणीही वापरा, विका सुद्धा, आणि एनसी जोडलंत तर धंद्यासाठी नाही. विचार करून टाका, एकदा दिलेलं त्या प्रतीपुरतं मागे घेता येत नाही.

कागदी_घोडे
अपडेट. स्कॅन झालं, दुकानातल्या मुलाने विचारलं की प्लॉटचा नकाशा आहे का. हिरवा चॅनल ठेवला, जाळी गायब, तळघराची ग्रिड शेवटच्या चौकोनापर्यंत जुळतेय. धार काढली, खिंडीत जकातवाली म्हातारी बसवली. खेळणाऱ्यांच्या प्रतीतून निम्मी नावं खोडली, चोरवाट गेली, आणि फाइलचं नाव आता "नकाशा1".

डाग मात्र राहिला, रेघा घालवायच्या म्हणून. काल रात्री बहिणीला मुलुखाची प्रत पाठवली, तर तिचा पहिला मेसेज: "तो ईशान्येचा गोल कोट कोणाचा? त्याला नाव का नाहीये? आधी तिथे जायचं." बाकीच्या चौघांनी पण हो म्हटलंय. रविवारला चार दिवस आहेत, तिथे काय आहे ते मला अजून माहीत नाही, कोणाकडे काही कल्पना असेल तर लवकर टाका राव.