'मायर' म्हणजे पाटील का? जर्मन आडनावं, घरजावई आणि 'कूळ'

पैलतीर
जर्मन आडनावांचे मराठी प्रतिशब्द लिहितोय. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर, इथवर ठीक आहे. पण 'मायर'ला सरसकट 'पाटील' म्हणणं खटकतं. नेमका प्रतिशब्द काय? आणि एखाद्या मायर घराण्याची वंशावळ काढायची असेल तर हा अर्थ कितपत कामाला येतो?

अक्षरजुळणी
पाटील नव्हे. पाटलाच्या जवळ जाणारा जर्मन शब्द 'शुल्टहाइस'. लोकांना देणं भरायला लावणारा, गावाचा कारभार बघणारा. शुल्त्स, शुल्त्से, शोल्त्स ही त्याचीच झिजलेली रूपं.

मायर आला लॅटिन 'मायोर'वरून, म्हणजे थोरला, वरचा. जमीनदाराच्या किंवा मठाच्या मुख्य शेतवाडीवर बसवलेला हा कारभारी. आसपासच्या शेतकऱ्यांकडून धान्य आणि वेठ वसूल करून मालकाकडे पोचवायची, हे त्याचं काम. कोकणातला खोत डोळ्यांसमोर आणा, त्याचा तोरा थोडा कमी करा, की जवळपास पोचलात. पुढे वसुलीचं काम गेलं आणि मायर स्वतःच खंड भरून मोठं शेत कसणारा झाला. वाडी दुभंगली की ओबरमायर आणि नीडरमायर, म्हणजे वरचा मायर आणि खालचा मायर. नवी वाडी उठली की नीमायर.

मोडीकर
म्हणजे कारभाऱ्याचा शब्द कुळाकडे घसरला. आपल्याकडे गंमत अशी की 'कूळ' म्हणजे घराणंही आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. 'कुळाचार'मधलं कूळ वेगळं, 'कुळकायद्या'तलं वेगळं. वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियाच्या चर्च-नोंदवह्यांत नावापुढे 'कोलोन' दिसलं तर तिथे दुसऱ्या अर्थाचं कूळ घ्यावं: मालकाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा. 'हॉयरलिंग' दिसला तर तो त्याच्याही खालचा, झोपडं आणि तुकडाभर जमीन भाड्याने घेऊन बदल्यात राबणारा. आडनाव दोघांचंही मायर असू शकतं, म्हणून आडनावावरून ऐपत ठरवू नये.

पैलतीर
Meyer, Maier, Mayer अशी वेगवेगळी स्पेलिंगं दिसतात. ती वेगवेगळी घराणी धरायची का?

अक्षरजुळणी
धरू नका. उच्चार एकच, लिहिणारा पाद्री वेगळा. एकाच बापाच्या तीन मुलांच्या बाप्तिस्म्यांत तीन स्पेलिंगं सापडतात. १८७६ पासून सबंध जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी कचेऱ्या आल्या (त्यातल्या सर्वांत मोठ्या राज्यात, प्रशियात, १८७४ पासूनच), तेव्हा कुठे स्पेलिंग पक्कं होऊ लागलं. आजच्या नकाशावर मात्र फरक दिसतो. 'ई-वाय'वालं रूप उत्तरेत दाट, 'ए-आय' आणि 'ए-वाय'वाली दक्षिणेत, आणि शेवटचा स्वर गाळलेलं 'माय्‌र' (Mayr) बव्हेरियाच्या दक्षिणेला नि ऑस्ट्रियात. शोधाची दिशा ठरवायला तेवढं पुरतं. पुरावा म्हणून नाही.

आणखी एक फसगत: ज्यू घराण्यांतलं मायर पुष्कळदा हिब्रू 'मेईर'वरून आलेलं असतं, अर्थ 'उजेड देणारा'. शेतवाडीशी त्याचा काडीचा संबंध नाही. प्रशियातल्या ज्यूंना कायम आडनाव घ्यायला लावणारा हुकूम १८१२ चा. त्याआधीच्या नोंदींत आडनाव शोधत बसलात तर हाती बहुधा काही लागणार नाही, तिथे बापाच्या नावाने शोधायचं.

चिंचगूळ
शीर्षकातला घरजावई राहिलाच.

मोडीकर
तोच तर खरा घोळ. वेस्टफालिया आणि शेजारच्या लिप्पे भागात आडनाव माणसाचं नसून शेताचं. वारसदार मुलीशी लग्न करून श्मिट नावाचा मुलगा नीमायरच्या शेतावर राहायला गेला, की तो 'श्मिट गेनांट नीमायर' होतो. मुलं नुसती नीमायर. 'गेनांट'चं भाषांतर 'उर्फ' करतात. शब्द म्हणून चूक नाही, पण 'उर्फ' म्हटलं की टोपणनावाचा वास येतो. इथे 'हल्ली या शेताचा' असा अर्थ आहे.

वंशावळ इथेच तुटते. लोक त्याचा बाप्तिस्मा नीमायर नावाखाली शोधतात आणि मिळत नाही म्हणून सोडून देतात. उपाय सोपा: लग्नाची नोंद काढा. तिथे वराचं जन्मनाव, बापाचं नाव आणि पुष्कळदा मूळ गाव असतं. सख्खे भाऊ वेगवेगळ्या आडनावांचे निघाले तर दचकू नका, दोघे दोन शेतांवर गेलेत.

पैलतीर
सुरुवात कुठून करायची?

अक्षरजुळणी
गावापासून. आडनावापासून अजिबात नाही. परदेशी गेलेल्या माणसाच्या कागदावर 'हानोफर' असेल तर ते शहर की राज्य, आधी ठरवा. नुसतं 'प्रशिया' म्हणजे काहीच नाही. नॉयश्टाट, म्हणजे आपलं 'नवं गाव', डझनावारी आहेत. १९१२ च्या सुमाराला निघालेला मायर्सचा स्थलनामकोश (इथेही मायर!) ऑनलाइन आहे. त्यात गावापुढे नोंदणी कचेरी कुठली, गावात चर्च आहे की नाही, हे दिलेलं असतं. मग १८७६ नंतरचं कचेरीत, आधीचं चर्चच्या वह्यांत. जन्माच्या नोंदी ११० वर्षं, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षं बंद असतात. तोवर थेट वंशजालाच सहज मिळतात. प्रोटेस्टंट वह्यांसाठी 'आर्खिओन', पैसे पडतात. कॅथलिक वह्यांसाठी 'मात्रिकुला', फुकट. १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात बऱ्याच वह्या गेल्या, त्यामुळे अनेक गावांत धागा १६५० च्या आसपास संपतो.

मोडीकर
वाचनाबद्दल. लिपी 'कुरंट', म्हणजे जर्मन मोडीच समजा: हात न उचलता पळवलेली. 'ई' (e) हे अक्षर 'एन'सारखं (n) दिसतं. 'यू'वर छोटी कमान असते, ती नसेल तर 'एन' वाचा. बऱ्याच पाद्र्यांनी आडनावं साध्या लॅटिन वळणात आणि बाकी मजकूर कुरंटमध्ये लिहिलाय, म्हणून आडनाव पटकन लागतं आणि धंदा वाचताना घाम फुटतो. तारखेत अंकी ७ ला 'बेर' जोडलेलं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. सात म्हणजे लॅटिन 'सेप्टेम'. तसंच ८ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० डिसेंबर. लॅटिनच्या हौशीत कधी आडनावही बदलतं: वेबरचा टेक्स्टोर, म्युलरचा मोलिटोर.

बायकांच्या आडनावाला 'इन' लागलेलं दिसेल, मायरचं 'मायरिन'. ते वेगळं आडनाव नाही. जोशीची जोशीण, तसंच.

चिंचगूळ
पुण्या-मुंबईच्या संस्कृत पंडितांत गेओर्ग ब्यूलर होते, एल्फिन्स्टन कॉलेजातले. त्यांच्या आडनावाचं काय?

अक्षरजुळणी
'ब्यूल' म्हणजे टेकडी, ब्यूलर म्हणजे टेकडीपाशी राहणारा. शेवटचा 'अर' आपल्या 'कर'सारखा. शब्द नैर्ऋत्य जर्मनीचा आणि स्वित्झर्लंडचा, पण हे ब्यूलर १८३७ साली जन्मले उत्तरेत, हानोफर राज्यातल्या बोर्स्टेलला. आडनावाचा प्रदेश आणि माणसाचं गाव यांत एवढं अंतर पडतं.

पैलतीर
मग 'मायर'पुढे 'शेतवाडीचा कारभारी, पुढे मोठं कूळ' असं लिहितो. आणि 'आननटाफेल'ला 'वंशावळ' चालेल?

मोडीकर
नको. वंशावळ मूळ पुरुषापासून खाली उतरते, तिला जर्मनात 'श्टामटाफेल' म्हणतात. आननटाफेल आजच्या माणसापासून वर चढते. 'पूर्वजपट' म्हणा. त्यात तुम्ही १, वडील २, आई ३. कुणाचेही वडील त्याच्या आकड्याच्या दुप्पट, आई त्याहून एक जास्त. १३ नंबर म्हणजे ६ ची आई, ६ म्हणजे ३ चे वडील. थोडक्यात आईच्या वडिलांची आई. घरजावयाने आडनाव बदललं तरी आकडा बदलत नाही.