किनाऱ्यावर पडलेला बूबी, लोंबणारा पंख आणि शिशाची चर्चा: खरं काय समजावं?

आचऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी आचऱ्याची. घरात पिढीजात मासेमारी, आमची छोटी होडी आहे. पावसाळी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत, मोठा वारा होऊन गेला की खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात. वाडीतली मुलं मग धावत मला बोलवायला येतात.

यंदा आषाढात एक मास्क्ड बूबी आला. पांढराशुभ्र, पंखांची कड काळी, केवढा मोठा पक्षी! डोळे टक्क उघडे होते, पण डावा पंख मिटत नव्हता, वाळूवर घासत होता. चाचपून पाहिलं तर हाड मोडलेलं वाटलं नाही. खोक्यात ठेवून वनविभागाला कळवलं, त्यांची माणसं येऊन घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तो मेल्याचा निरोप आला.

मी त्याचा फोटो गावच्या गटावर टाकला होता. त्याखाली कुणीतरी मिडवे बेटावरच्या अल्बट्रॉसच्या पिल्लांचा व्हिडिओ टाकला. दोन्ही पंख जमिनीला लागलेले, पिल्लू उठायचा प्रयत्न करतंय. सोबत मजकूर: "हे शिशाचं विष आहे, आपल्या समुद्रातही तेच झालंय, मासे खाऊ नका." ज्या घरांची चूल मासळीवर पेटते त्यांनी हे वाचून काय करायचं? सासूबाईंनी मला दोनदा विचारलं, खरं का गं.

आमच्या बूबीला शिसं बाधलं असेल का? मेलेल्या पक्ष्यावरून ते शोधता येतं का? आणि मासळीचं काय? माहितगारांनी कृपया सांगावं. अंदाज नकोत, त्यांचा गावात सुकाळ आहे.

---

जनावरांचा_डॉक्टर

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात पशुवैद्य आहे. पावसाळ्यात असे पक्षी माझ्याकडेही येतात, म्हणून माझ्यापुरतं लिहितो.

वाऱ्याने फेकलेल्या समुद्रपक्ष्याचा पंख लोंबत असेल तर मी पहिल्यांदा त्याच्या छातीवर हात फिरवतो. मधलं हाड हाताला टोचलं आणि दोन्ही बाजूंचं मांस बसलेलं असलं, तर तो कित्येक दिवसांचा उपाशी आहे. खवळलेल्या समुद्रात त्याला मासा दिसत नाही, सूर मारता येत नाही, अंगातली चरबी संपते आणि मग स्नायू झिजायला लागतात. एकच पंख लोंबत असेल तर बहुतेकदा खांद्याला मार लागलेला असतो किंवा सांधा निखळलेला असतो, आणि हे नुसतं चाचपून कळत नाही. शिशामुळे नसा जातात तेव्हा सहसा दोन्ही बाजू लुळ्या पडतात. रक्त तपासल्याशिवाय शिशाचं नाव घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

खोक्यात ठेवून वनविभागाला कळवलंत हे योग्यच केलंत. इतरांसाठी सांगतो: अशा पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका, मासा कोंबू नका, परत समुद्रात ढकलू नका. बूबीची चोच डोळ्यावर येते, उचलताना डोक्यावर टॉवेल टाका. मासळीचा प्रश्न पाऱ्याशीही जोडलेला आहे, पण पाऱ्याबद्दल मला फारसं कळत नाही. इथे एक जण आहेत ज्यांचं कामच ते आहे, त्यांना हाक मारतो.

---

पिसांचा_हिशेब

डॉक्टरांनी हाक मारली म्हणून आले. मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये एका प्रयोगशाळेत समुद्रपक्ष्यांच्या पिसांतला पारा मोजते. ताई, तुमच्या सासूबाईंना नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मिडवे. तो व्हिडिओ खरा आहे, पण त्यातलं विष समुद्रातून आलेलं नाही. मिडवे हे प्रशांत महासागरातलं छोटंसं प्रवाळबेट, लेसन अल्बट्रॉसची जगातली सर्वांत मोठी वस्ती तिथे आहे. अमेरिकेच्या नौदलाचा तळ तिथे 1993 पर्यंत होता. तळ गेला, पण शिशाचा रंग लावलेल्या जुन्या इमारती राहिल्या. रंगाचे पापुद्रे सुटून भिंतींलगत पडायचे. अल्बट्रॉसचं पिल्लू महिनोन्‌महिने घरट्याची जागा सोडत नाही आणि चोचीला येईल ते उचलून चघळतं. भिंतीजवळच्या पिल्लांच्या पोटात हे तुकडे गेले, नसा बधिर झाल्या, पंख उचलेनासे झाले. 1980 च्या दशकातच संशोधकांनी हे नोंदवलं होतं. पुढे पिल्लांच्या रक्तातल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासली, ती भिंतीवरच्या रंगाशी जुळली. म्हणजे गुन्हेगार ठाऊक होता, त्याचा पत्ताही ठाऊक होता, तरी रंग खरवडून माती साफ करायचं मोठं काम व्हायला पुढची कित्येक वर्षं गेली. तोवर दर हंगामात पिल्लं मरत राहिली. मला याचा आजही संताप येतो, कारण समुद्रपक्ष्यांवरच्या संकटांत इतकं सरळ सुटणारं संकट क्वचितच असतं.

तुमचा बूबी मोठा होता, उडत आलेला होता, मासे आणि माकुल खाणारा होता. मिडवेच्या पिल्लांची गोष्ट त्याला लागू पडत नाही. डॉक्टर म्हणतात तेच जास्त संभवतं.

समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत मला झोप लागू देत नाही तो पारा. त्याने पंख लोंबत नाही, त्याचा व्हिडिओ निघत नाही. छोट्या सोन्याच्या खाणी आणि दगडी कोळसा हे त्याचे जगातले दोन सर्वांत मोठे मानवी स्रोत. वाफ होऊन तो हवेत महिनोन्‌महिने फिरतो आणि कुठल्याही समुद्रात उतरतो. खोलवर, जिथे प्राणवायू कमी असतो तिथले जीवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, म्हणजे जिवांच्या अंगात साठत जाणारं त्याचं विषारी रूप. मग प्लवक, छोटा मासा, मोठा मासा, पक्षी, असा पायरीगणिक तो वाढत जातो. अटलांटिक महासागरातल्या अझोर बेटांवर केलेल्या कामात हे स्वच्छ दिसलं. रात्री वर येणारे खोल पाण्यातले मासे खाणाऱ्या पेट्रेल या छोट्या समुद्रपक्ष्यात पारा जास्त होता, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठ्या, पण वरच्या थरातले मासे खाणाऱ्या कोरीज शिअरवॉटरमध्ये कमी.

पक्ष्याकडे यावर एक उपाय आहे: पीस. नवं पीस उगवत असताना रक्तातला मिथाइल पारा त्याच्या केराटिनला (पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्याला) चिकटतो, आणि पीस पूर्ण झालं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पारा तिथे कायमचा अडकतो. पिसं झडली की तोही शरीराबाहेर गेला. अंगातल्या पाऱ्याचा फार मोठा हिस्सा असा पिसांत जातो. त्यामुळे मेलेल्या पक्ष्याच्या पिसावरून शोधता येतं का, या प्रश्नाचं माझं उत्तर आहे: पारा हो, शिसं नाही. शिसं बाहेरूनही पिसाला चिकटतं आणि आकडा फसवतो. त्यासाठी रक्त, यकृत किंवा हाड लागतं.

मात्र पिसातला पारा हे मृत्यूचं कारण म्हणून वाचू नका. पीस ज्या महिन्यांत उगवलं त्याच्या आसपासचा तो हिशेब असतो. पिसात 5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 5 भाग) वर पारा असला तर धोका असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळेल, पण वाँडरिंग अल्बट्रॉसच्या पिसांत त्याच्या कित्येक पट पारा असतो आणि तो दशकानुदशकं जगतो. यकृतात सेलेनियम या मूलद्रव्याशी बांधून पारा निष्क्रिय करायची त्याची क्षमता दांडगी आहे. नुकसान दुसरीकडे होतं. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर या अल्बट्रॉसचा अभ्यास झाला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त पारा असलेले पक्षी मरत नव्हते, पण विणीला कमी वेळा येत होते आणि त्यांची कमी पिल्लं जगून मोठी होत होती. दोन वर्षांत एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्यासाठी हे किती महाग पडतं, पाहा. किनाऱ्यावर एकही प्रेत पडत नाही, आणि वस्ती मात्र आटत जाते.

---

गिरगावकर

फार मोलाची माहिती, ताई. एक विचारू का? मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जुन्या पक्ष्यांच्या कातडी जपलेल्या आहेत. त्यांतल्या समुद्रपक्ष्यांची पिसं आजच्या पिसांशी ताडून पाहता येतील का?

---

पिसांचा_हिशेब

पद्धत म्हणून नक्कीच येतील, आणि परदेशी संग्रहालयांत हे झालंही आहे. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या आयव्हरी गलच्या 1877 ते 2007 या काळातल्या पिसांत मिथाइल पारा सुमारे 45 पट वाढलेला आढळला. पक्ष्याचं खाणं बदललं म्हणून तसं झालं का, हेही समस्थानिकांवरून पाहिलं. खाणं तेच होतं. ब्लॅक-फुटेड अल्बट्रॉसच्या 120 वर्षांच्या पिसांतही चढ दिसला.

एक मोठी खबरदारी घ्यावी लागते. जुन्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण आणि पाऱ्याचे क्षार चोळायचे. अशा पिसातला एकूण पारा मोजला तर पक्ष्याऐवजी संग्रहालयाचाच पारा मोजला जातो. म्हणून जुन्या नमुन्यात फक्त मिथाइल पारा वेगळा काढून मोजतात. खर्च आणि वेळ दोन्ही वाढतं, पण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

अरबी समुद्रावर हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. या समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायूचा मोठा दुष्काळ आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा पट्ट्यांपैकी एक. पारा मिथाइल रूपात जायला अशी जागा अनुकूल असते. त्याच पाण्यावर आमच्या वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे ब्राइडल्ड टर्न पोसतात.

आता मासळी, कारण सासूबाई वाट पाहत असतील. आचऱ्याच्या घरात रोज शिजणारी तारली, बांगडा, मोतके ही लहान, कमी जगणारी मासळी. तिच्यात पारा कमी साठतो, ती निर्धास्त खा. मोरी (शार्क), मोठी सुरमई, मोठा टूना हे इतर मासे खाऊन वर्षानुवर्षं वाढतात, त्यांच्यात जास्त. गरोदर बायका आणि लहान मुलांना हे मोठे मासे वरचेवर देऊ नका, बाकीच्यांनी अधूनमधून खायला हरकत नाही. "मासे खाऊ नका" असं सरसकट सांगणारा मजकूर गटावरून काढायला सांगा.

---

आचऱ्याची_लेक

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मोतके ठेव, मोरी सुनेला देऊ नको. माझी जाऊ पोटुशी आहे, म्हणून.

मी वनविभागात विचारलं. मेलेल्या पक्ष्याची पिसंही परवानगीशिवाय घरी ठेवता येत नाहीत, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते बसतं. पण पुढच्या वेळी त्यांच्याच माणसाने पंचनामा करताना पिसं काढून ठेवावीत, यावर साहेब विचार करतो म्हणाले. त्यांना नेमकं काय सांगू?

---

पिसांचा_हिशेब

असं सांगा: पंखांची लांब पिसं नकोत, ती वेगवेगळ्या वेळी झडतात आणि एकाच पक्ष्यात पिसागणिक आकडा बदलतो. छातीवरची छोटी पिसं, पाच-सहा, मुळासकट उपटलेली, आणि दर पक्ष्याची त्याच जागेवरची. कोरडी करून कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते, बुरशी धरते. फ्रिज लागत नाही. पाकिटावर पेन्सिलीने तारीख, किनारा, जात, पक्षी मोठा की पिल्लू, आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं छातीचं मांस भरलेलं की बसलेलं. शाई ओल्या हाताने पुसली जाते, म्हणून पेन्सिलच.

साहेबांनी होकार दिला की इथे लिहा. मी आमच्याकडचा नोंदीचा नमुना मराठीत करून पाठवते.