मदत हवी आहे: ताई-चीत वळताना पाय खिळतात
पार्किन्सन्सच्या शुभार्थींना (रुग्णांना) ताई-ची हा संथ चिनी व्यायाम शिकवणाऱ्यांना विचारायचंय. सराव गोळीनंतर तासाभराने, म्हणजे औषधाचा अंमल असतानाच होतो. सरळ चालताना जमिनीवर दीड-दीड फुटांवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या पुरतात. अडतं ते वळताना: पाय खिळतात, धड पुढे जातं, तोल सुटतो. जागेवरची गिरकी बंद करून मोठ्या अर्धवर्तुळात वळवलं, पाऊल उचलण्याआधी वजन पूर्णपणे दुसऱ्या पायावर घ्यायला लावलं. बराच फरक पडला. पण हातांची हालचाल जोडली की लक्ष विभागतं आणि पुन्हा तेच. (सोबत आकडे मोजायला लावलं तर आणखी घोळ!) तुम्ही हात कधी जोडता? वळण्यापुरते कमरेवर ठेवता का? मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) किती ठोक्यांवर लावता? बाजूला खुर्ची आणि मागे सोबतीला माणूस असतोच, तेवढं सोडून सांगा.