मुंबई ते न्यूयॉर्क विमानाला नक्की किती तास लागतात?

उजळाईवाडीकर:
नमस्कार मंडळी, आईबाबा बहिणीकडं न्यूयॉर्कला निघालेत, दोघंबी पहिल्यांदाच परदेशी. तिकिटावर मुंबईतनं 20 मे रात्री 1.30 ला सुटणार आणि 20 मेलाच सकाळी 7.30 ला पोचणार असं आहे. म्हणजे सहाच तास? अंतर तर साडेबारा हजार किलोमीटर दाखवतंय, आपल्याला कोल्हापुरातनं गाडीनं मुंबई गाठायलाच आठ-नऊ तास जातात ओ. बाबांना शुगर आहे, जेवण-गोळ्यांचं बसवायचंय म्हणून खरा आकडा पाहिजे.

रंकाळा_चौपाटी:
दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात भावा. मे मध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतंय, हिवाळ्यात साडेदहा. तिथले सकाळचे 7.30 म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे 5, म्हणजे प्रवास झाला साडेपंधरा तासांचा. गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून द्या आणि गोळ्या हातातल्याच बॅगेत ठेवा, चिठ्ठीसकट.

उजळाईवाडीकर:
लई आभार. पण विमान ताशी 900 नं जातंय म्हणतात, मग 14 तासात व्हायला पाहिजे ना?

दादा_शिवाजीपेठ:
जाताना वारं समोरनं असतंय. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोरात वारं वाहतंय, म्हणून येताना तास-दीड तास कमी लागतो. आणि साडेबारा हजार हे सगळ्यात जवळच्या वाटेचं अंतर आहे. पोरांच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो अरबी समुद्रावरनं सरळ पश्चिमेला जात नाही, वर चढून रशिया, नॉर्वे, आइसलँडवरनं कॅनडात उतरतोय. विमानाला तीच वाट मिळंल असं नाही, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हापासनं त्यांना वळसा पडायला लागला.

तांबडा_पांढरा:
तासांपेक्षा तारीख बघा आधी!! 20 मे रात्री 1.30 म्हणजे 19 तारखेची रात्र संपून बारा वाजले की लगेच. 19 ला रात्री साडेनऊ-दहापर्यंत एअरपोर्टला पोचायचं. आमचे मामा ह्याच घोळात एक दिवस उशिरा पोचले, विमान कधीच गेलं होतं आणि तिकिटाचे पैसे बुडाले, मामी तिथंच बसून रडल्या, ते अजून डोळ्यापुढनं जात नाही. आणखी एक, कोल्हापूर-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं तर देशातल्या विमानात साधारण 15 किलोच सामान चालतंय, अमेरिकेच्या दोन-दोन मोठ्या बॅगा आणि चटणीचे डबे असतील तर जादा पैसे भरावे लागतात. त्यापरीस रेल्वे नायतर गाडी बरी.

उजळाईवाडीकर:
अरे देवा, मी महालक्ष्मीची तिकिटं 19 च्या रात्रीची काढलीत, ती तर 20 ला सकाळी मुंबईत पोचते! आत्ताच रद्द करतो आणि 18 ची मिळतात का बघतो.