व्होल, ससा आणि ससेहोलपट

इंग्रजीतल्या ‘व्होल’ (vole) या उंदरासारख्या प्राण्याला मराठीत काय म्हणावं, या प्रश्नावर ‘घूस’ हे उत्तर मला अजिबात पटत नाही. घूस किलोभर भरते, घराच्या पायाखाली बिळं पोखरते. युरोपातल्या कुरणांतला व्होल जेमतेम वीस ते चाळीस ग्रॅमचा: बोथट तोंड, केसांत बुडालेले कान, आखूड शेपूट. महाराष्ट्रात हा प्राणी नाही. भारतात तो हिमालयाच्या खडकाळ उतारांवर आढळतो. मग त्याला मराठी नाव येणार कुठून? अनुवादात ‘व्होल’च लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘आखूड शेपटीचा रानउंदीर’ अशी ओळख द्यावी.

इंग्रजी ‘हेअर’चं (hare) उलट आहे. त्याचं नाव ससा, पण ते ऐकलं की आता पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा प्राणीच आठवतो. तो ‘रॅबिट’, मूळचा युरोपातला. माळावरचा तपकिरी, मानेमागे काळा पट्टा असलेला, तोच आपला ससा. उंदरांच्या गणातलाही तो नव्हे: त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक इवलीशी जोडी असते, व्होलला ती नसते.

पण ‘ससेहोलपट’ या शब्दाच्या दृष्टीने खरा फरक बिळाचा. व्होलची आणि रॅबिटची पिल्लं जन्मतात ती बिनकेसांची, डोळे मिटलेली. ससा बीळ करतच नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो आणि त्याची पिल्लं अंगभर केस, उघडे डोळे घेऊनच येतात. कान पाठीला चिकटवून तो असा दबून राहतो की अगदी पायाशी येईपर्यंत दिसत नाही. उठला की वेडीवाकडी वळणं घेत पळत सुटतो, कारण शिरायला जागाच नसते. पूर्वी हाका घालून त्याला वाघूर (शिकारीचं जाळं) लावलेल्या बाजूला पिटाळत (ही शिकार आता कायद्याने बंद आहे). ‘ससेहोलपट’ म्हणजे ती होलपट. म्हणून सकाळच्या गडबडीला हा शब्द वापरू नये, ती नुसती धावपळ. पेन्शनसाठी म्हातारीला या टेबलावरून त्या टेबलाकडे पिटाळतात आणि कुठेच कुणी दाद देत नाही, ती ससेहोलपट.

‘ससेमिरा’चा मात्र सशाशी काही संबंध नाही. जुन्या संस्कृत कथेत शापामुळे वेडा झालेला राजपुत्र ‘स-से-मि-रा’ एवढंच बरळत राहतो. या एकेका अक्षराने सुरू होणारे चार श्लोक ऐकल्यावर शुद्धीवर येतो.