साच्यातून सुरू केलेले ग्राफानाचे पॅनल प्लगइन सर्व्हरवर दिसत नाही

प्रश्न

ग्राफाना (माहिती आलेखांच्या रूपात डॅशबोर्डांवर दाखवणारे सॉफ्टवेअर) याच्या ‘क्रिएट-प्लगइन’ या साधनाने दिलेल्या साच्यावरून मी एक पॅनल प्लगइन, म्हणजे डॅशबोर्डवर नव्या प्रकारचा आलेख दाखवणारे जोड-सॉफ्टवेअर, तयार केले आहे. एका टर्मिनलमध्ये ‘एनपीएम रन डेव्ह’ आणि दुसऱ्यात ‘एनपीएम रन सर्व्हर’ ही आज्ञा दिल्यावर ३००० क्रमांकाच्या पोर्टवर ग्राफाना सुरू झाले आणि साच्यासोबत येणारे वर्तुळाचे नमुना-पॅनल दिसले. त्याच्या जागी मी माझा आलेख बसवला व तोही नीट चालतो. मात्र बिल्ड करून (कोडपासून वापरण्याजोग्या फाइली बनवून) मिळालेले ‘डिस्ट’ फोल्डर आमच्या सर्व्हरवरील प्लगइनच्या फोल्डरात ठेवून ग्राफाना पुन्हा सुरू केले, तरी पॅनलांच्या यादीत ते येतच नाही.

आणखी दोन शंका आहेत. एका विशिष्ट प्रकारच्या फाइली बिल्डमध्ये घेण्यासाठी मी ‘.कॉन्फिग’ फोल्डरमधील वेबपॅकच्या (बिल्ड करणाऱ्या साधनाच्या) फाइलीत दोन ओळी वाढवल्या आहेत; ते योग्य आहे का? तसेच सुरुवातीला घाईघाईत दिलेला प्लगइनचा आयडी आता बदलता येईल का?

पहिले उत्तर

आपल्या यंत्रावर प्लगइन दिसते आणि सर्व्हरवर दिसत नाही, याचे सर्वांत संभाव्य कारण स्वाक्षरी, म्हणजे प्लगइन कोणाचे आहे व त्यात फेरफार झालेला नाही हे पटवणारी डिजिटल खूण, हे आहे. साच्यातील डॉकरची (यंत्रावर ग्राफाना स्वतंत्र कप्प्यात चालवणाऱ्या साधनाची) मांडणी ग्राफानाला डेव्हलपमेंट मोडमध्ये चालवते आणि त्या मोडमध्ये स्वाक्षरी नसलेले प्लगइनही लोड होते. सर्व्हरवर ही सवलत नसते. ग्राफानाच्या लॉगमध्ये सुरुवातीच्या ओळींत आपल्या आयडीचा उल्लेख शोधावा. स्वाक्षरी नसल्याची तक्रार तिथे स्पष्ट शब्दांत आढळेल.

यावर दोन मार्ग आहेत. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये, प्लगइनच्या विभागात, ‘अलाउ_लोडिंग_अनसाइन्ड_प्लगइन्स’ या सेटिंगमध्ये आपला आयडी लिहिला की काम तात्पुरते भागते. परंतु प्लगइन इतरांच्या रोजच्या वापरात जाणार असेल, तर खासगी स्वाक्षरी करून घ्यावी. त्यासाठी ग्राफाना क्लाउडचे खाते व त्यातून मिळवलेले टोकन (ओळख पटवणारी सांकेतिक किल्ली) लागते, आणि ज्या सर्व्हरवर प्लगइन चालणार त्याचा पत्ता स्वाक्षरी करतानाच द्यावा लागतो. तो पत्ता सर्व्हरच्या ‘रूट यूआरएल’शी (सेटिंगमधील मूळ पत्त्याशी) जुळला नाही, तर स्वाक्षरी असूनही प्लगइन नाकारले जाते. स्वाक्षरीनंतर ‘डिस्ट’मधील एखादी फाइल हाताने बदलली तरी हेच घडते, कारण प्रत्येक फाइलची हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे स्वाक्षरीसोबतच्या फाइलींच्या यादीत, नोंदलेली असते. ‘फक्त एक अक्षर सुधारले’ ही सबब तिथे चालत नाही.

दुसरे उत्तर

‘.कॉन्फिग’ फोल्डरबद्दल लिहितो, कारण ही चूक मीही केलेली आहे. ते फोल्डर साच्याच्या मालकीचे आहे असे समजावे. आपण पुढे कधी ‘क्रिएट-प्लगइन’ची ‘अपडेट’ आज्ञा चालवली, की त्यातील फाइली नव्या आवृत्तीप्रमाणे लिहिल्या जाऊ शकतात आणि आपल्या त्या दोन ओळी कोणताही गाजावाजा न करता नाहीशा होतात. बिल्ड मात्र त्यानंतर काही दिवसांनी मोडते आणि तोवर कारण विसरलेले असते.

त्याऐवजी प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये स्वतःची ‘वेबपॅक.कॉन्फिग.टीएस’ फाइल तयार करावी, तीत साच्याची मांडणी आयात करून ‘वेबपॅक-मर्ज’ या मांडण्या एकत्र करणाऱ्या साधनाने आपला नियम जोडावा, आणि ‘पॅकेज.जेसन’मधील ‘डेव्ह’ व ‘बिल्ड’ या आज्ञांना नव्या फाइलीचा रस्ता द्यावा. ही शेवटची पायरी अनेकांकडून राहून जाते.

तिसरे उत्तर

आयडी बदलता येतो, पण जितका उशीर कराल तितका तो महाग पडतो. डॅशबोर्ड साठवताना त्याच्या जेसनमध्ये (माहिती मजकूररूपात साठवण्याच्या स्वरूपात) प्रत्येक पॅनलचा प्रकार म्हणून हाच आयडी लिहिला जातो. त्यामुळे आयडी बदलल्यावर जुन्या डॅशबोर्डांवर आलेखाऐवजी ‘पॅनल प्लगइन सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश दिसेल, आणि प्रत्येक डॅशबोर्डच्या जेसनमध्ये नवा आयडी हाताने किंवा स्क्रिप्टने घालावा लागेल. प्लगइन अजून आपल्यापुरतेच असल्यास आजच बदलून टाकावा. नवा आयडी ठरवताना त्याचा पहिला भाग ग्राफाना क्लाउडमधील आपल्या खात्याच्या संक्षिप्त नावाशी जुळवावा, नाहीतर स्वाक्षरीच्या वेळी पुन्हा अडाल. आयडी केवळ ‘प्लगइन.जेसन’मध्ये बदलून भागत नाही. डॉकरच्या फाइलीत आणि साच्यासोबत आलेल्या नमुना-डॅशबोर्डातही तो असतो, म्हणून संपूर्ण प्रकल्पात शोध घ्यावा.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. लॉगमध्ये स्वाक्षरीचीच तक्रार होती. पॅनल अद्याप तीनच डॅशबोर्डांवर असल्याने आधी आयडी बदलला, मग स्वाक्षरी केली आणि आता यादीत नाव येते. वेबपॅकचा नियमही वेगळ्या फाइलीत हलवला. मात्र माझ्या यंत्रावर ‘प्लगइन.जेसन’मधील वर्णन बदलल्यावर पान पुन्हा लोड करूनही जुनेच वर्णन दिसत होते.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

‘प्लगइन.जेसन’ ग्राफाना सुरू होतानाच वाचले जाते. कोडमधील बदल पान पुन्हा लोड केल्यावर दिसतात, या फाइलीतील बदलांसाठी मात्र डॉकरमधील ग्राफाना बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.