मदत हवी आहे: वरच्या दोन एकरांत मातीच राहिली नाही, आधी गाळ टाकू की आधी बांध?

माळकरी२३

नमस्कार मंडळी. गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माळावर. रान साडेसहा एकर, सगळं कोरडवाहू. मी वाळूजला कामाला, गावी दादा (वडील) आणि आई. खालचे साडेचार एकर मध्यम आहेत, त्यांची तक्रार नाही. प्रश्न वरच्या दोन एकरांचा आहे.

यंदा पावसाने मधेच बारा दिवस ओढ दिली. खालचं सोयाबीन तग धरून राहिलं, वरच्याने आठव्या दिवशी माना टाकल्या. दादा सांगतात, ते पोरसवदा असताना याच दोन एकरांत बाजरी छातीला लागायची. आता वखर घातला की फास दगडावर वाजते आणि जागोजाग पांढरं दिसतं.

बांधावर एक लिंब (कडुलिंब) आहे. लहानपणी त्याच्या बुंध्याशी आम्ही गोट्या खेळायचो, म्हणजे जमीन तिथं सपाट होती. परवा गेलो तर मुळ्या उघड्या. सगळ्यात जाड मुळीखालून हात आरपार जातो. वीत लावून बघितली, मुळीपासून जमीन एक वीत आणि दोन बोटं खाली. तिथंच बसून राहिलो थोडा वेळ.

चूक आमचीही आहे. आई-दादा चौदा वर्षं ऊसतोडीला गेले. दसरा झाला की गाव सोडायचं, पाडव्याच्या मागंपुढं परत. आल्यावर अंगात त्राण नसायचं, त्यामुळे फुटलेल्या बांधाला दगड लावायचं काम दरवर्षी पुढच्या सालावर.

घरात आता तीन मतं आहेत. मेहुणे म्हणतात तलावाचा गाळ आणा. चुलते म्हणतात जेसीबी लावून रान सपाट करा. दादा म्हणतात पडीक टाका, जीवाला घोर नको. त्यात भाऊबंदांच्या ग्रुपवर "मराठवाड्याचं वाळवंट होणार" असा मेसेज फिरतोय, तो वाचून आईने मलाच फोन करून विचारलं, खरंय का रे.

गेल्या वर्षीचा माती परीक्षणाचा कागद आहे: सामू (पीएच) ८.३, क्षारता ०.२८, सेंद्रिय कर्ब ०.२९, मुक्त चुनखडी १३ टक्के. कागद दाखवल्यावर एका दुकानदाराने "जमीन सुधारक" म्हणून दोन बाटल्या दिल्या. अडीच हजार गेले, फरक शून्य.

हातात ८० हजार आहेत, त्यापेक्षा जास्त नाहीत. आधी काय करू? आणि हे खरंच वाळवंटीकरण आहे का, की नुसती हलकी जमीन?

लातूरकर२४

सगळ्याचं मूळ ऊस. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तरी पुढच्या चांगल्या पावसाला लोकांनी पुन्हा ऊसच लावला. दोन हजार मिमीच्या वर पाणी पिणारं पीक आपल्याकडं लावायचं, बोअर सहाशे फुटांवर न्यायचा आणि मग वाळवंट होतंय म्हणून रडायचं.

माळकरी२३

भाऊ, आमच्या शिवारात ऊस नाही. आम्ही ऊस तोडायला जातो.

लातूरकर२४

माफ करा, वाचायच्या घाईत सुटलं ते. पण पाण्याचं मी म्हणतोय ते चूक नाही.

जुना_कृषिसहाय्यक

चूक नाही, पण या धाग्याचं दुखणं वेगळं आहे. उपसा हा भूजलाचा प्रश्न. इथं माती गेली आहे.

आधी शब्दाचं बघू, कारण त्या मेसेजने फार गोंधळ केलाय. वाळवंटीकरण म्हणजे जैसलमेरची वाळू उडत बीडला येणं नव्हे. संयुक्त राष्ट्रांचा करार झाला १९९४ साली (१७ जूनचा वाळवंटीकरण विरोधी दिवस त्याचाच), त्यातली व्याख्या अशी की कोरड्या, निमकोरड्या आणि कमी दमट भागातल्या जमिनीचा हवामानामुळे आणि माणसाच्या हातून होणारा ऱ्हास. मराठवाडा बहुतेक निमकोरड्यात मोडतो. वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त पाणी इथली हवा ओढून घेऊ शकते. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने उपग्रहावरून नकाशे केले आहेत. २०१८-१९ च्या चित्रात देशाची ९.७८ कोटी हेक्टर, म्हणजे २९.७७ टक्के जमीन ऱ्हास पावलेली दिसते. क्षेत्रात राजस्थानच्या खालोखाल महाराष्ट्र. आणि आपल्याकडं सगळ्यात मोठं कारण वारा नाही, पाण्याने होणारी धूप. ज्या पावसाची वाट बघतो तोच माती घेऊन जातो. तेव्हा आईंना सांगा, वाळू येणार नाही. पण त्या दोन एकरांत जे झालंय त्याला शास्त्रात तोच शब्द आहे.

आता तुमचं रान. लिंबाच्या मुळीवरून सगळ्या रानाची वीतभर माती गेली असं धरू नका, बांधाकडेला पाण्याची धार जास्त असते. सरासरी तीन इंच धरा. मिलिमीटरभर थर म्हणजे एकरी चार घनमीटर, आपल्या भाषेत जवळपास दीड ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तीन इंचांचे एकरी शंभर ब्रासच्या वर झाले, दोन एकरांचे दोनशे. गाळाने हे भरायचं म्हटलं तर दोन एकरांत १०० ब्रास ओतूनही दीड इंचाचा थर बसणार नाही.

आठव्या दिवशी माना का टाकल्या तेही बघा. फूटभर चांगल्या काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं ४०-५० मिमी पाणी मावतं. भरातलं सोयाबीन दिवसाला चार-पाच मिमी खातं. तुमच्याकडं मातीच आठ-नऊ इंच असेल, त्यात खडे. हिशेब आठ दिवसांच्या आसपासच येतो. बियाणं बदलून, फवारणी करून तो वाढत नाही.

पांढरं दिसतंय तो खार नाही. क्षारता ०.२८ आहे, खारवट रानात ती कितीतरी वर असते. ही खालच्या थरातली चुनखडी, वरची माती गेली म्हणून उघडी पडली. त्यामुळे जिप्समच्याही भानगडीत पडू नका. बाटल्यांचं तर बोलूच नका.

एक घरगुती गोष्ट करून बघा. लिंबाखालचं, जिथं औत जात नाही तिथलं, एक वाळलेलं ढेकूळ घ्या. रानातलं एक घ्या. दोन ग्लासांत पाणी घेऊन हळूच सोडा. काय होतं ते इथं लिहा, मग पुढं बोलू. आणि वरून पाणी कुणाच्या रानातून येतं तेही सांगा. तुम्ही ते लिहिलंच नाही.

भूमची_शेतकरीण

दादा, काकांचं बरोबर आहे पण मला वेगळंच खुपतं. आमच्याकडं सासऱ्यांच्या काळात शाळू (रब्बी ज्वारी) होता. शाळू होता म्हणून कडबा होता, कडबा होता म्हणून दावणीला सहा जनावरं, जनावरं होती म्हणून उकिरडा. सोयाबीन आलं, पैसा आला, खोटं कशाला बोलू, त्याच्यावर पोरीचं शिक्षण झालं. पण सोयाबीनच्या भुसकटावर बैलजोडी निघत नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरवाला उताराला आडवं मारायला तयार नाही, त्याला वळायला जास्त वेळ लागतो. तो वर-खाली मारतो. औताचं प्रत्येक तास, म्हणजे रेघ, पाण्याला पायवाट होते. कर्ब ०.२९ आला म्हणता, तो असा खाली आलाय.

गवताकडं बघा म्हणजे कळेल. आमच्या माळावर मारवेल आणि पवना असायचा, गुरं आवडीने खायची. आता नुसती कुसळी. चांगलं गवत चरून संपलं की कुसळीच उरते, आणि तीही संपली की उघडा मुरूम.

मी काय केलं ते सांगते. उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या रानात बसवते, रात्रीचे पैसे ठरवून. हलक्या रानात सोयाबीन बंद, तिथं तूर आणि मधल्या तासांत मटकी किंवा हुलगा. मटकी जमिनीवर पसरते, पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही. वर तुरीचा बेवड (पुढच्या पिकाला मिळणारा कस) मिळतो तो वेगळाच. पहिल्या वर्षी लोक हसले. पैसा सोयाबीनएवढा नाही, हेही सांगून ठेवते.

माळकरी२३

उशीर झाला, शनिवारीच गावी जाता आलं.

काका, ग्लास केले. आई म्हणाली, हे काय नवीन. रानातलं ढेकूळ पाण्यात सोडलं आणि मिनिटभरात बसकण मारली, तळाला नुसता भुगा. लिंबाखालचं बुडबुडे सोडत राहिलं, पण आमचा चहा होईपर्यंत अख्खं होतं. दादांनी ते बाहेर काढून बोटाने दाबून बघितलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रानातल्या ग्लासातलं पाणी वर निवळलेलं होतं.

वरून पाणी येतं ते चुलत्यांच्या रानातून. खरं सांगायचं तर लिहायचं टाळलं होतं. मधला बांध माझ्या आठवणीत चार फूट रुंद होता, त्यावरून बैलगाडीचं चाक जायचं. दोन्हीकडून कोरत कोरत आता हातभर उरलाय. "दोन्हीकडून" मुद्दाम लिहितो, दादांनीही कोरलाय. तीन ठिकाणी फुटलेला आहे आणि तिथूनच आमच्या रानात घळी पडल्यात. सगळ्यात मोठी घळ गुडघाभर खोल.

जुना_कृषिसहाय्यक

पाणी निवळलं हे चांगलं. सकाळपर्यंत दुधाळ राहिलं असतं तर चोपण (सोडियम वाढून पाणी न मुरणारी जमीन) होण्याची शंका घेतली असती. ढेकूळ बसलं ते सेंद्रिय कर्ब नसल्यामुळे, मातीचे कण धरून ठेवणारा डिंकच उरला नाही. अशा मातीवर मोठा पाऊस आला की कण सुटतात, भोकं बुजतात, वर पापडी धरते, आणि मग पाणी मुरायचं सोडून पळतं. पाणी पळालं की पीक खुरटतं, पीक खुरटलं की पालापाचोळा पडत नाही, म्हणून कर्ब आणखी खाली. हे चक्र दरवर्षी थोडं घट्ट होत जातं.

तर क्रम. जेसीबीने सपाटीकरण अजिबात नको. उंचवटा कापला की आहे ती आठ इंच जाऊन तुम्ही थेट मुरमावर याल. गाळ दुसऱ्या वर्षी. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे, २०२३ ला पुन्हा सुरू झाली, तलाठी किंवा कृषी सहाय्यकाकडं चौकशी करा. पण बांध फुटका असताना टाकलेला गाळ दोन मोठ्या पावसांत खालच्या माणसाला फुकट मिळतो. हे मी नोकरीत इतक्यांदा बघितलंय की मोजायचं सोडून दिलं.

तेव्हा ८० हजारांतले पहिले पैसे वरच्या बांधाला. घळींना आडवे दगडी बांध, वरून सुरुवात करून खाली यायचं. दगड तुमच्याच रानात आहे, वेचायची मजुरी लागेल. बांधावर पवना आणि मारवेलाचे ठोंब, मधे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), त्याचा पाला कापून रानात टाकायचा. पेरणी उताराला आडवी, ट्रॅक्टरवाला कुरकुरला तर तासाला शंभर जास्त द्या. वरचा अगदी उघडा पडलेला अर्धा एकर पिकातून काढून सीताफळ लावा. मुरमाड रान त्याला चालतं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. उरलेल्यात ताई म्हणतात तसं तूर-मटकी.

जालन्याजवळचं कडवंची एकदा दादांना घेऊन बघून या. माथ्यापासून पायथ्याला काम आणलं, पाणी थांबवलं, मग द्राक्षं आली. लोक फक्त द्राक्षं बघून परत येतात. तुम्ही वरचे चर आणि बांध बघा.

लातूरकर२४

बांध दोघांचा आहे म्हटल्यावर सगळं चुलत्यांवर अडणार. मोजणीच्या भानगडीत पडू नका, पाच वर्षं जातील.

माळकरी२३

काल संध्याकाळी बोललो. मी एकटा गेलो असतो तर जमलं नसतं, आई सोबत आली. चुलत्यांना आधी घळी दाखवल्या, मग त्यांच्याच रानातलं ढेकूळ त्यांच्याच तांब्यात टाकलं. तेही बसलं. मग म्हणाले, म्हणजे आमचंही तेच की.

बांध तीन फुटांचा करायचं ठरलं, दीड-दीड फूट दोघांनी सोडायचं, खर्च निम्मा-निम्मा. एकच अट घातली, सांडवा (जादा पाणी बाहेर काढायची वाट) आमच्या बाजूला, लिंबाजवळ काढायचा, कारण पाणी तसंही तिकडंच येतं. काका, घेऊ का? लिंबाच्या मुळ्या आधीच उघड्या आहेत.

जुना_कृषिसहाय्यक

घ्या, पण लिंबापासून पंधरा-वीस फूट सोडून. तळ बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली ठेवा, दोन्ही कडा दगडाने बांधून घ्या आणि पाणी जिथं पडतं तिथं मोठ्या दगडांचा थर अंथरा, नाहीतर तिथंच नवी घळ सुरू होईल. रुंदी चुलत्यांच्या रानाचं किती पाणी येतं त्यावर ठरते, ती इथं बसून सांगणार नाही, कृषी सहाय्यकाला जागेवर आणा. लिंबाच्या मुळ्यांभोवती अर्धवर्तुळात दगड रचून आत माती भरा. ती माती सांडवा खोदताना निघेलच.